कामाचं विश्लेषण आणि रचना : एचआरमध्ये नव्यानं आलेल्यांसाठी पायरीपायरीनं

एमएमएस किंवा एमएचआरडीएम (व्यवस्थापन किंवा मनुष्यबळाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम) करून रबाळे-महापेच्या कारखान्यात, वागळे इस्टेटमधल्या इंजिनिअरिंग युनिटमध्ये किंवा ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये एचआरला रुजू झालात, की काही महिन्यांतच एक काम तुमच्याकडे येतं : सगळ्यांचे जेडी, म्हणजे कामाची वर्णनं, तयार करा. बरेचजण मग इंटरनेटवरून नमुना उतरवतात, कंपनीचं नाव बदलतात आणि फाइल भरून टाकतात. ती फाइल ऑडिटच्या दिवशी उघडते, एरवी तिला कोणी हात लावत नाही. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपन्यांत हे काम मी बरीच वर्षं करत आले आहे. नव्या मुलामुलींची या टप्प्यावर होणारी ओढाताण टाळता येते, म्हणून सगळा क्रम सविस्तर लिहिते आहे.

जेडी म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन हा या प्रक्रियेत उशिरा तयार होणारा कागद आहे. आधी कामाचं विश्लेषण होतं : काय केलं जातं, कशासाठी, कोणत्या साधनांनी, किती वेळा, कोणाच्या परवानगीनं, आणि चुकलं तर काय बिघडतं. त्यातून दोन कागद निघतात. एक कामाचं वर्णन, म्हणजे जेडी. दुसरा त्या कामाला लागणाऱ्या माणसाची पात्रता, म्हणजे जॉब स्पेसिफिकेशन. त्यानंतर प्रश्न येतो की हे काम आहे तसंच ठेवायचं की त्याची मांडणी बदलायची. ती कार्यरचना, म्हणजे जॉब डिझाइन. माझ्या मते सगळा खटाटोप या शेवटच्या प्रश्नासाठी करायचा असतो.

पूर्ण लेखात एकच उदाहरण धरते : रबाळे एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या पॅकेजिंग कारखान्यातला डिस्पॅच असिस्टंट, म्हणजे तयार माल बाहेर पाठवण्याचं काम बघणारा. कारखाना काल्पनिक आहे, पण असं काम या पट्ट्यात कुठेही सापडेल.

१. कारण आधी विचारा, आणि लेखी घ्या

'जेडी करा' असं सांगणाऱ्या साहेबांना किंवा मॅडमना विचारा : हे कशासाठी वापरायचं आहे? भरतीसाठी असेल तर पात्रतेवर भर द्यावा लागतो. पगाराच्या ग्रेड ठरवायच्या असतील तर जबाबदारी आणि निर्णयाचे अधिकार नीट मोजावे लागतात. ओव्हरटाइम कमी करायचा असेल तर वेळेची नोंद लागते. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता मानकाचं ऑडिट असेल तर भूमिका आणि जबाबदाऱ्या ठरवून सगळ्यांना कळवलेल्या हव्यात, सक्षमतेचा पुरावा लेखी हवा, आणि हे सगळं प्रत्यक्षाशी जुळायला हवं.

'सगळ्यासाठीच' असं उत्तर आलं तर पहिल्या फेरीसाठी एक कारण निवडून घ्या आणि ते ईमेलवर कळवून टाका. सहा महिन्यांनी 'यात ग्रेड कुठे आहेत?' असा प्रश्न आला, तर ती ईमेल कामी येते.

२. कागद गोळा करा

- सध्याचा ऑर्गनायझेशन चार्ट
- जुने जेडी, नेमणूकपत्रं, मागच्या भरतीच्या जाहिराती
- किमान तीन महिन्यांची हजेरी आणि ओव्हरटाइम रजिस्टर
- एसओपी (काम करायची ठरलेली लेखी पद्धत) आणि मशीनजवळ लावलेल्या कामाच्या सूचना
- अपघातांची आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद
- ग्राहकांच्या तक्रारी, परत आलेल्या मालाचे कागद
- नोकरी सोडून गेलेल्यांचे एक्झिट इंटरव्ह्यू
- युनियन असेल तर चालू करार, आणि लागू असतील तर स्थायी आदेश (सेवाशर्तींचे कंपनीतले प्रमाणित नियम)

या सगळ्यांत मी ओव्हरटाइम रजिस्टर सगळ्यात आधी उघडते. एकाच माणसाच्या नावापुढे रोज दीड-दोन तास दिसले, तर तिथे माणूस संथ आहे असं धरू नका. बहुतेक वेळा कामाची मांडणी चुकलेली असते.

शब्द आणि मुद्दे ताडून बघायला काही चांगल्या गोष्टी फुकट मिळतात. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ मध्ये प्रत्येक व्यवसायाला आठ अंकी संकेतांक आणि छोटं वर्णन आहे. वेगवेगळ्या क्षेत्रांच्या कौशल्य परिषदांनी तयार केलेली राष्ट्रीय व्यावसायिक मानकं आहेत. अमेरिकेच्या कामगार खात्याची ओनेट ही माहितीपेढीही खुली आहे. यांचा उपयोग आपलं काही सुटलं का हे तपासायला करा. त्यातला मजकूर तसाच उतरवलात, तर रबाळ्याच्या कारखान्याला ओहायोच्या गोदामाचा जेडी लागेल.

३. एका कामापासून सुरुवात करा

चाळीस कामं एकदम काढू नका. जिथे माणसं टिकत नाहीत, ओव्हरटाइम जास्त आहे किंवा दोन विभागांत 'हे माझं काम नाही' अशी रोजची वादावादी आहे, असं एक काम निवडा. तेच काम तीनजण करत असतील तर तिघांनाही बघा.

४. लोकांना आधी सांगा

हातात पॅड घेतलेली एचआरची व्यक्ती शॉप फ्लोअरवर दिसली, की पहिली शंका 'आता माणसं कमी करणार' ही असते. ती शंका रास्त आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्यानं स्टॉपवॉच लावून कामं मोजली आणि प्रत्येक कामाची 'एकच योग्य पद्धत' ठरवायचा घाट घातला, तेव्हापासून कामगाराला घड्याळाची धास्ती आहे.

म्हणून निरीक्षणाच्या आधी दोन गोष्टी करा. युनियनचे प्रतिनिधी असतील तर त्यांना भेटून हेतू सांगा. मग सुपरवायझरच्या उपस्थितीत, शिफ्ट सुरू होताना, सर्वांना सोप्या मराठीत आणि हिंदीत सांगा : काय बघणार, किती दिवस, लिहिलेलं तुम्हाला दाखवणार, यावरून कोणाचं अप्रेझल होणार नाही. शेवटचं वाक्य बोलायच्या आधी वरिष्ठांकडून त्याची खात्री करून घ्या.

'काहीही बदलणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. काम बदलू शकतं, आणि त्यावर तुमचं म्हणणं विचारात घेऊ, एवढं खरं सांगता येतं.

५. जागेवर उभं राहून बघा

एचआर केबिनमध्ये फॉर्म भरून घेणं सोपं असतं. पण फॉर्ममध्ये माणूस आपलं काम जसं असायला हवं तसं लिहितो. प्रत्यक्षात ते कसं होतं हे बघायला जावंच लागतं.

सेफ्टी शूज घाला, घड्याळ आणि वही घ्या, आणि एखादा तास उभं राहून परत येऊ नका. पूर्ण शिफ्ट बघा. आपल्याकडे कोणी बघतंय म्हटलं की माणसं वेगळी वागतात, ही गोष्ट शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या १९२४ ते १९३२ च्या प्रयोगांपासून चर्चेत आहे. पहिल्या दिवशी सगळं नियमानं होतं. तुम्ही तिथे नेहमीचे झालात की खरं काम दिसायला लागतं. महिनाअखेर वगळू नका. डिस्पॅच, अकाउंट्स आणि स्टोअर या तिन्ही ठिकाणी त्या दिवसांत कामाचा तोंडवळाच बदलतो.

वहीत चार रकाने पाडा : वेळ, काय केलं, कशाची किंवा कोणाची वाट पाहिली, कोणाला विचारलं. तिसरा रकाना कधीही गाळू नका. आपल्या डिस्पॅच असिस्टंटची पानं साधारण अशी दिसतील :

सकाळी ९ ते ११ : कालच्या चलनांच्या प्रती फाइलला लावल्या, ट्रान्सपोर्टरला फोन केले, क्वालिटीकडून माल पास होण्याची वाट. ११ ते १ : थोडं पॅकिंग तपासलं, पुन्हा वाट. दुपारी २ नंतर क्वालिटीचे स्टिकर लागले आणि सगळा माल एकदम मोकळा झाला. ४ ते ७ : चार गाड्या एकाच वेळी गेटवर. एक न्हावाशेवा बंदराला जाणारी, एक गुजरातला. घोडबंदर रोडवर अवजड वाहनांना ठरावीक वेळांत बंदी असल्यानं गुजरातच्या ड्रायव्हरला घाई. ई-वे बिलाच्या (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाच्या) भाग ब मध्ये गाडीचा नंबर भरलेला, आणि ऐनवेळी ट्रान्सपोर्टरनं गाडी बदलली. नवा नंबर टाकायला दोन मिनिटं पुरतात. पण प्लांट हेडच्या होकाराशिवाय करायचं नाही असा रिवाज, आणि ते मीटिंगमध्ये. गाडी पाऊण तास उभी.

बघा, जुन्या जेडीत यातलं काहीच नसतं. तिथे 'डिस्पॅचसंबंधी सर्व कामे पाहणे' असं एक वाक्य असतं.

ऐरोलीच्या एखाद्या बॅक ऑफिसमध्ये नुसतं उभं राहून काही कळत नाही, कारण काम स्क्रीनवर आणि डोक्यात चालतं. तिथे आठवडाभर कामाची डायरी लिहून घ्या : दर दोन तासांनी तीन ओळी. त्याच्या जोडीला तिकिटांची, म्हणजे सिस्टिममध्ये आलेल्या तक्रारी-विनंत्यांची, नोंद ताडून बघा.

मोबाइलवर व्हिडिओ काढू नका. काढायचाच असेल तर त्या व्यक्तीची आणि कंपनीची लेखी परवानगी हवी.

६. मग बसून बोला

निरीक्षणानंतर मुलाखत घ्या, आधी नको. काम बघून गेलात की प्रश्न नेमके होतात आणि समोरचाही मोकळा होतो. जागा एचआर केबिनऐवजी कॅन्टीनचा कोपरा असेल तर बरं. अर्धा-पाऊण तास पुरतो. वयानं मोठ्यांना काका, दादा, ताई जे तिथे रूढ असेल तेच म्हणा. 'मिस्टर अमुक' म्हटल्यावर गप्पा तिथेच थांबतात.

विचारण्यासारखे प्रश्न :

- काका, सकाळी आल्यापासून घरी जाईपर्यंत काय काय करता, ओळीनं सांगा.
- तुम्ही सुट्टीवर असता तेव्हा काय अडतं? कोण करतं?
- कुठल्या गोष्टीसाठी दुसऱ्याच्या सहीची वाट बघावी लागते?
- नवीन मुलगा आला तर त्याला हे काम एकट्यानं जमायला किती दिवस लागतील? सगळ्यात उशिरा काय जमेल?
- तुमच्याकडे आलेलं, पण खरं तर तुमचं नसलेलं काम कोणतं?

याशिवाय एक पद्धत जरूर वापरा. जॉन फ्लॅनागन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये ती मांडली. तिचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी वैमानिकांच्या अभ्यासात आहे. माणसाला त्याचे गुण विचारायचे नाहीत, प्रसंग विचारायचे : 'गेल्या सहा महिन्यांत तुमच्यामुळे मोठं नुकसान टळलं असा एक प्रसंग सांगा. आणि सगळं फिसकटलं असाही एक सांगा. तेव्हा नेमकं काय केलंत?' 'मी मेहनती आहे' या वाक्यातून पात्रता काढता येत नाही. 'एकसारख्या दोन खोक्यांवरचा बॅच नंबर वेगळा दिसला म्हणून गाडी थांबवली' यातून काढता येते : बारकाईनं तपासण्याची सवय आणि गाडी थांबवायची हिंमत.

नंतर सुपरवायझरशी वेगळं बोला. दोघांच्या सांगण्यात फरक पडेल. तो फरक मिटवायची घाई करू नका, दोन्ही बाजू लिहून ठेवा. पुढे रचना बदलताना नेमकी तीच जागा उपयोगी पडते. ठेकेदाराकडचे हेल्पर तेच काम करत असतील तर त्याचीही नोंद घ्या आणि ती बाब वरिष्ठांच्या कानावर घाला.

या पायरीवरचा मोठा सापळा म्हणजे माणूस आणि काम यांची गल्लत. वीस वर्षं तिथे असलेले काका ट्रान्सपोर्टरशी भाव ठरवतात, संगणक बिघडला तर तोही बघतात. ते त्यांचं कसब आहे. उद्या त्या जागी नवी मुलगी आली तर तिच्याकडून हे अपेक्षित आहे का? असेल तरच ते कामात धरा.

७. जेडी लिहा

एका पानात, फार तर दीड पानात. प्रत्येक ओळीत क्रियापद, कशावर, आणि कशासाठी किंवा किती वेळात. 'पाहणे', 'सांभाळणे', 'समन्वय साधणे' ही क्रियापदं टाळा, त्यांतून काहीच कळत नाही. आपल्या उदाहरणात :

पद : डिस्पॅच असिस्टंट. रिपोर्टिंग : डिस्पॅच सुपरवायझर.
उद्देश : पास झालेला माल योग्य कागदांसह ठरलेल्या दिवशी बाहेर पाठवणे.
मुख्य कामं :
- क्वालिटीनं पास केलेल्या खोक्यांचा बॅच नंबर आणि संख्या चलनाशी ताडून पाहणे.
- चलन आणि ई-वे बिल तयार करणे. गाडी बदलल्यास प्लांट हेडच्या होकारानंतर नवा नंबर भरणे.
- माल चढताना हजर राहून मोजणी करणे, ड्रायव्हरची सही घेणे.
- तफावत आढळल्यास गाडी थांबवून सुपरवायझरला लगेच कळवणे.
अधिकार : तफावत असलेली गाडी थांबवणे.
कामाची स्थिती : बराच वेळ उभ्यानं, लोडिंग बेवर ऊन-पाऊस.

'अधिकार' ही ओळ बहुतेक जेडींत नसते. ती लिहिलीत तर अर्धी भांडणं मिटतात. आणि शेवटी 'वरिष्ठ सांगतील ती इतर कामे' ही ओळ ठेवायची असेल तर 'या पदाशी संबंधित' हे शब्द जोडा, नाहीतर सगळ्या जेडीवर पाणी पडतं.

८. पात्रता खऱ्या गरजेपुरतीच ठेवा

प्रत्येक अटीपुढे स्वतःला विचारा : जेडीतल्या कोणत्या ओळीसाठी ही हवी? उत्तर सापडलं नाही तर अट काढा. चलन ताडायला पदवी लागत नाही. आकडे अचूक वाचता येणं, मराठी-हिंदीत फोनवर बोलता येणं आणि संगणकावर फॉर्म भरता येणं लागतं. पदवीची अट घालून तुम्ही दिघा-कळव्याची चांगली बारावी पास मुलं दारातच परत पाठवता, आणि जो पदवीधर येतो तो वर्षभरात दुसरीकडे जातो.

'फक्त पुरुष उमेदवार' असं लिहू नका. रात्रपाळी असेल तर महिलांच्या संमतीनं आणि सुरक्षेच्या व्यवस्थेसह त्यांना काम देता येतं. शारीरिक अटीही मोजून लिहा. 'शरीर धडधाकट हवे' याऐवजी 'अमुक किलोचं खोकं दिवसातून साधारण इतक्या वेळा उचलावं लागतं' असं लिहिलं, तर ते ट्रॉलीनं होऊ शकतं का, अपंग व्यक्तीला करता येईल का, हा विचार तरी होतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण करायचं आहे, तेही इथे ताडून घ्या.

९. आता रचनेकडे वळा

तुमच्या वहीतला 'वाट पाहिली' हा रकाना पुन्हा वाचा. आपल्या डिस्पॅच असिस्टंटची अडचण दोन ठिकाणी आहे. माल दुपारी दोनपर्यंत अडकतो आणि गाडी बदलली की निर्णय दुसऱ्याकडे असतो.

काम बदलायचे तीन मार्ग पुस्तकात सापडतात. कामांची अदलाबदल, म्हणजे रोटेशन : कंटाळा आणि एकाच अवयवावरचा ताण कमी होतो, सुट्टीच्या दिवशी दुसरा माणूस तयार असतो. कामाची व्याप्ती वाढवणं : त्याच पातळीची आणखी कामं देणं. आणि काम समृद्ध करणं : नियोजन, तपासणी, निर्णय असा वरचा भाग खाली देणं. आपल्याकडे दुसरा मार्ग फार वापरला जातो. दोन माणसांचं काम एकाला देऊन त्याला 'मल्टिस्किलिंग' म्हणायचं, हे मला मान्य नाही. अधिकार आणि मोबदला तोच ठेवून फक्त कामं वाढवली, तर तुम्ही काम सुधारलेलं नाही, माणूस थकवला आहे.

रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात मांडलेलं प्रारूप इथे हाताशी ठेवा. ते पाच गोष्टी तपासतं : कौशल्यांची विविधता, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपलं असणं, त्याचं महत्त्व, स्वायत्तता, आणि कामातूनच मिळणारा प्रतिसाद. प्रत्येकाला १ ते ७ गुण. पहिल्या तिघांची सरासरी काढायची आणि तिला उरलेल्या दोहोंनी गुणायचं.

आपल्या असिस्टंटचे गुण विविधता ५, पूर्णता ४, महत्त्व ६ धरू. सरासरी ५. स्वायत्तता १ आणि प्रतिसाद २ असेल तर ५ × १ × २ = १०. आता गाडीचा नंबर बदलायचा अधिकार त्याला दिला आणि स्वायत्तता ४ झाली : ४०. त्यानं पाठवलेल्या मालाची ग्राहकाकडून आलेली तक्रार किंवा पोच त्याच आठवड्यात त्याला दाखवली आणि प्रतिसाद ४ झाला : ८०. कामं एकानंही वाढवलेली नाहीत. या आकड्यांना तराजूइतकं अचूक समजू नका, पण साहेबांसमोर ठेवायला ते उत्तम आहेत.

उरला वेळेचा गुंता. क्वालिटीची एक फेरी सकाळी साडेनऊला घेता आली तर दुपारची कोंडी अर्धी फुटते. ते शक्य नसेल तर असिस्टंटची वेळ ९ ते ६ ऐवजी ११ ते ८ करता येईल. पण इथे थांबा आणि त्या माणसाला विचारा. दिव्याला किंवा बदलापूरला राहणारा माणूस रात्री आठला सुटून रबाळ्याहून ट्रान्स-हार्बर लोकलनं ठाण्याला आणि तिथून पुढे किती वाजता घरी पोचतो? तो म्हणाला सकाळची गर्दी टळेल म्हणून मला चालेल, तर उत्तमच. तो नको म्हणाला तर क्वालिटीच्या वेळेवर जोर लावा.

बदल आधी एका शिफ्टवर महिनाभर करून बघा. गाड्या किती वेळ उभ्या राहिल्या, ओव्हरटाइम किती झाला, चुकीची चलनं किती, हे आधीचे आणि नंतरचे आकडे ठेवा.

१०. कायद्याची बाजू तपासा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कामाचे तास, शिफ्ट किंवा ग्रेड अशा सेवाशर्तींत बदल करायचा असेल तर औद्योगिक संबंध संहितेनुसार कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. आधीच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही ती होतीच. म्हणून ११ ते ८ चा निर्णय सोमवारी घेऊन मंगळवारी लागू करू नका, त्या महिनाभराच्या प्रयोगासाठीही नाही.

दुसरं, पदाचं नाव मोठं केल्यानं माणूस 'कामगार' या व्याख्येबाहेर जात नाही. वाद झाला तर तो प्रत्यक्षात मुख्यतः काय करतो हे बघितलं जातं. देखरेखीच्या कामात महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन असेल तरच तो व्याख्येबाहेर जातो. पूर्वी ही मर्यादा १०,००० होती. असिस्टंटला 'मॅनेजर डिस्पॅच' म्हणून खोटा जेडी लिहायला कोणी सांगितलं तर नम्रपणे नकार द्या, आणि कंपनीच्या कायदा सल्लागाराचं लेखी मत मागा.

११. सही, तारीख, फेरतपासणी

मसुदा आधी काम करणाऱ्याला वाचून दाखवा, त्याच्या भाषेत. दुरुस्त्या घ्या, मग सुपरवायझर, मग विभागप्रमुख. तिघांच्या सह्या, तारीख आणि आवृत्ती क्रमांक. एक प्रत कर्मचाऱ्याला द्याच.

वर्षातून एकदा सगळे जेडी बघा, पण त्याची वाट बघत बसू नका. नवं मशीन, नवं सॉफ्टवेअर, रिपोर्टिंगमधला बदल किंवा लागोपाठ दोघांनी सोडलेली नोकरी, यांपैकी काहीही घडलं की त्या पदाचा कागद त्याच आठवड्यात उघडा. सुपरवायझरना सांगून ठेवा की असं काही घडलं तर फोन तुम्हाला करायचा, आणि रिकाम्या जागेची मागणी आली की आधी जेडी तपासून मगच जाहिरात द्यायची, हा नियम भरतीच्या फॉर्मवरच छापून घ्या.